मोर मागे घेताना

समस्त मराठी वाचकांस, आणि विशेषतः मिरजेच्या ज्या बाईंनी मला चार पानी पत्र पाठवलं त्यांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं की, काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात माझ्या नावावर जी कथा छापून आली होती, तिच्यातला मोर आजपासून मागे घेण्यात येत आहे. कथेतली बाई राहील. फाटक राहील. दुपारचं ऊन चेन्नईचं आहे, ते कुणालाच मागे घेता येत नाही. फक्त मोर जाईल. त्या मोरासाठी ज्यांनी अश्रू ढाळले त्यांची मी जाहीर क्षमा मागतो. ते अश्रू परत करण्याची सोय माझ्याकडे नाही.

आता हे असं का, ते सांगायचं तर आमच्या घरमालकांबद्दल सांगावं लागेल. खरं म्हणजे मला त्यांच्याबद्दलच सांगायचं आहे. मोर हे निमित्त.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. बँकेनं माझी बदली चेन्नईला केली. मुलांच्या शाळेपायी बायको कऱ्हाडला राहिली आणि मी एक सुटकेस, एक कुकर आणि माझ्या कादंबरीची साडेतीनशे हस्तलिखित पानं घेऊन मांबलमला एका घराच्या वरच्या मजल्यावर दाखल झालो. मालक खाली राहत. तंजावरकडचे मराठी. फाटकात वाट बघत उभे होते. काटकुळे, कमरेला पांढरी वेष्टी, कपाळावर गंधाची रेघ आणि भर सावलीत हातात काळी छत्री. मी वाकून नमस्कार केला आणि म्हणालो, "काका, आशीर्वाद द्या."

पलीकडच्या ओट्यावरच्या दोन पोरी फिसकन हसल्या. मालकांनी मान वर करून विजेच्या तारांकडे पाहिलं.

"घरांत काका म्हणा," ते म्हणाले, "गल्लींत म्हणू नका पा. तमिळांत काका म्हणजे कावळा. सगळे जमतील."

काकांच्या बोलण्यातला 'पा' म्हणजे आपला 'बाबा' हे सोडलं, तर माझं तमिळ पुढंही तीन शब्दांच्या वर गेलं नाही. 'सरी' म्हणजे बरं, 'एव्वळवु' म्हणजे केवढ्याला, आणि 'वेंडाम' म्हणजे नको. यातला तिसरा मी सर्वांत जास्त वापरला. कोपऱ्यावरच्या मेसमध्ये मी जेवत असे. जेवण संपत आलं की वाढपी शेवटची बादली घेऊन येई आणि कंटाळलेल्या आवाजात एक छोटासा शब्द पुटपुटे. मी लगेच केळीच्या पानावर हात आडवा धरून "वेंडाम!" म्हणे. आठ महिने तो विचारत होता आणि आठ महिने मी, त्या बादलीत काय आहे हे न बघता, नको म्हणत होतो. माणसानं इतकं ठाम असू नये.

काकांच्या घरातली प्रत्येक वस्तू लेबल लावलेली होती. पुठ्ठ्याचा छोटा तुकडा, त्याला भोक, भोकात सुतळी. घड्याळाला लेबल: 'घड्याळ, एक. पांच मिनिटें मागें. मालक: मी.' खुर्चीला लेबल: 'खुर्ची, एक. डावा हात हलतो. बसणाऱ्यानें सांभाळावें.' देवघरातल्या बाळकृष्णालाही होतं, पण त्यावर मालकाची जागा कोरी सोडली होती. महिनाभरात माझ्या कुकरलाही लेबल लागलं: 'कुकर, एक. शिटी नवी. न वापरलेला. मालक: वरचे.' माझ्या बायकोनं सुट्टीत आल्यावर ते वाचलं आणि कुकरऐवजी माझ्याकडे बघत राहिली.

या वेडाचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. काका रेल्वेत होते आणि उभा जन्म त्यांनी एग्मोरला, प्रवाशांच्या हरवलेल्या सामानाच्या खोलीत काढला. गाडीत राहिलेली वस्तू आली की तिचं वर्णन वहीत उतरवायचं, आणि कुणी मागायला आलं की त्याच्याकडून खूण पटवून घ्यायची. ही दोन कामं. वर्णन पाल्हाळिक झालं तर वस्तू सापडत नाही, आणि ढोबळ झालं तर भलत्याच्या हाती जाते. त्यामुळे निवृत्त झाल्यावरही कुणी काहीही सांगितलं की त्यांच्या तोंडून एकच प्रश्न बाहेर पडे.

"खूण सांगा."

शेजारी म्हणाले, नातीच्या लग्नात फार मजा आली. "खूण सांगा." डॉक्टर म्हणाले, तुमची तब्येत पुष्कळ सुधारली आहे. "खूण सांगा." मी म्हणालो, काका, मला बायकोमुलांची फार आठवण येते. त्यांनी छत्री मांडीवर आडवी ठेवली आणि म्हणाले, "खूण?" मी बराच विचार केला. धाकटी झोपेत दात खाते, तो आवाज येत नाही म्हणून मला झोप लागत नाही, असं शेवटी सांगितलं. "क्लेम मंजूर," ते म्हणाले आणि आत काफी करायला गेले.

काकांचं दुसरं वेड कॅलेंडरचं. भिंतीवर रोज एक पान फाडायचं तमिळ कॅलेंडर असे. पुढच्या बाजूला तारीख आणि राहुकाळ, मागची बाजू कोरी. रोज सकाळी कालचं पान फाडून काका त्याच्या पाठीवर एक आठवण लिहीत. वडिलांनी शिकवलेल्या जुन्या वळणाच्या मराठीत, सगळे अनुस्वार देऊन. पान तळहाताएवढं, त्यामुळे आठवणही तेवढीच. सुरुवात नाही, शेवट नाही, तात्पर्य तर नाहीच. उघड्या दारावरून जाताना आत क्षणभर दिसावं तेवढंच.

"दुसरं पान लागलं तर?" मी एकदा विचारलं.

"मग ती आठवण नव्हे पा. भाषण."

ही पानं ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत. मुलगा बंगळूरला. नातवंडं घरात तमिळ आणि बाहेर इंग्रजी बोलणारी, देवनागरी त्यांना वाचता येईना. म्हणजे इतक्या वर्षांत त्या डब्याला मी पहिला वाचक मिळालो. दर रविवारी सकाळी पितळी पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात काफी उंचावरून ओतत ते मला म्हणत, "घ्या. पांच वाचा. सहावं नको, मन भरेल." (तो डबा आज माझ्या टेबलावर आहे. रीतसर दिलेला आहे, अशी इथं नोंद करून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला संशय येईल.)

त्यातलं एक पान एन्नोरच्या कोळणीचं होतं. गाडीत विसरलेलं सामान शोधत ती बाई एवढ्या लांबून एग्मोरला आली. काकांनी खूण विचारली. ती म्हणाली, खालून तिसऱ्या वेढ्यात निळा नायलॉनचा दोरा आहे, नवऱ्यानं जाळ्याचा उरलेला घालून विणलाय, आणि तो आता समुद्रावरून परत येणार नाही. काकांनी वस्तू दिली आणि सही करायला तिला स्वतःची खुर्ची दिली. पान संपलं.

मला ते फार आवडलं. फक्त एक शंका होती. काका वस्तूचं नाव मालक ज्या नावानं मागेल त्याच नावानं लिहीत, ऑफिसातली सवय. इथं त्यांनी 'कूडै' लिहिलं होतं. 'कुडै' म्हणजे छत्री हे मला त्यांच्या छत्रीच्या दुभाषी लेबलावरून माहीत होतं. मी दोन रविवार त्या बाईच्या छत्रीचं कौतुक केलं. तिसऱ्या रविवारी मी म्हणालो, "पण काका, मासे छत्रीत कसे ठेवत असतील?"

काकांनी काफीची वाटी खाली ठेवली. हसता हसता त्यांना ठसका लागला. "टोपली पा, टोपली! कूडै, दीर्घ! छत्री ऱ्हस्व!" मग डोळे पुसून जरा गंभीरपणे म्हणाले, "शब्द अडला तर विचारतां. बेस. न अडलेलाही विचारत जा."

मी हसलो. न अडलेले शब्द कोण विचारत बसतं?

आता माझी कादंबरी. चार पिढ्या, दोन भाऊबंदक्या, एक पूर. काकांनी पहिली पन्नास पानं माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतली. मधे एकदा उठून त्यांनी घड्याळाचं लेबल सरळ केलं. शेवटी म्हणाले, "गाडींत डबे असतात, डब्यांत माणसं असतात, आणि दोन डब्यांमधे कपलिंग असतं. तुमच्यांत नुसतं कपलिंगच आहे पा. डबे कुठे?"

मी रागानं त्यांना पन्नासावं पान पुन्हा वाचून दाखवलं. नायक पहिल्यांदा गाव सोडतो, वडील एसटी स्टँडवर पोचवायला येतात, त्यांचे डोळे पाणावतात. हे माझ्याच आयुष्यातलं होतं, मी अभिमानानं सांगितलं.

"वडिलांच्या हातांत काय होतं?"

"असेल... पिशवी."

"कसली?"

"खादीची," मी ठोकून दिलं.

"क्लेम नामंजूर."

आठवडाभर मी त्यांच्याशी बोललो नाही. पण बँकेत बसल्या बसल्या माझं डोकं त्या हातांवरच अडकलं. आणि एका दुपारी, समोर गिऱ्हाईक उभं असताना, मला ते हात दिसले. आईनं दिलेला डबा नीट भरलाय ना, हे बघायला वडिलांनी स्टँडवर तो उघडला होता. तेवढ्यात कंडक्टरनं घंटी दिली. डबा माझ्याकडे आला आणि झाकण त्यांच्याकडेच राहिलं. एसटी निघाली तेव्हा ते झाकण हलवून मला टाटा करत होते. पुण्यापर्यंत माझ्या मांडीवर वरणाचा ओहोळ वाहत होता आणि मी वडिलांना शिव्या देत होतो. डोळे कुणाचेच पाणावले नव्हते.

हे मी कॅलेंडरच्या पानावर लिहिलं. बरोबर मावलं. काकांनी वाचलं आणि पुन्हा वाचलं. "बाकी सगळं बनवा," ते म्हणाले, "नावं बदला, गाव बदला, बापाचा मामा करा. कथा म्हणजे तेच. पण हातांतली वस्तू बदलूं नका. ती खरी असली कीं बाकीचं लोक मानतात." मग छत्रीच्या टोकानं जमिनीवर ठोकून, "मंजूर!"

इतका आनंद मला बढतीच्या पत्रानंही झाला नव्हता.

आणि अशा माणसाच्या डब्यात मी हात घातला.

झालं असं की, एका संपादकांना माझी कथा हवी होती, आठवड्याच्या आत. काकांच्या शिकवणीप्रमाणे मी छोट्या छोट्या प्रसंगांची कथा करायला घेतली. झाकणाचा प्रसंग झाला. आणखी दोन जमवले. शेवटाला काहीतरी भारी हवं होतं आणि माझ्या आयुष्यात भारी काही घडलेलंच नव्हतं. त्या रविवारी डब्यातलं पाचवं पान हाती आलं.

'वैशाखांत बारा वाजतां ती फाटकाशीं उभी राहे. हातीं मोर. पोस्टमन ये, भाजीवाली ये, ती मोर पुढें करी. गल्लींत सर्वांस तिचा मोर ठाऊक. मोर पातळ झाला तर मजवर रागें भरे. मोर संपला कीं आंत येऊन दार लावी, आणि मग स्वतः जेवी.'

ती म्हणजे काकू. मी येण्यापूर्वीच त्या गेल्या होत्या. काका त्यांच्याबद्दल कधीही बोलत नसत. मी पानावरून मान वर केली तेव्हा ते काफी ओतत होते, आणि त्या दिवशी पेला आणि वाटी यांत अंतर फारच थोडं होतं.

"तिच्यावर एकच लिहिलं," ते म्हणाले. "बाकी पानांत बसत नाहीं."

सांगा, अशा वेळी सज्जन माणूस काय करतो? पान परत ठेवतो. मी ते पाठ केलं आणि वर जाऊन उतरवलं.

आणि नुसतं उतरवलं नाही, सुधारलंही. मोर पाळणारी बाई! गिंडीच्या बाजूला मोर हिंडतात असं मी ऐकलं होतं, त्यातलाच एखादा असणार. 'मोर पातळ झाला' हे तंजावरचं जुनं मराठी, म्हणजे रोडावला. 'मोर संपला' हे तर साफच चुकलेलं. रोज दुपारी मोर कसा संपेल? मी तिथं 'मोर दमला' केलं. बाईला मोराचा एवढा लळा, तेव्हा तिला मूलबाळ नसणार, म्हणून बंगळूरला सुखानं नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाला मी कथेतून रद्द केला. रोडावलेल्या मोरावर मी स्वतंत्र परिच्छेद लिहिला. लिहून झाल्यावर तो मी मलाच दोनदा मोठ्यानं वाचून दाखवला.

अंक आला तो पोस्टमननं खाली दिला. काका एकेक पायरी चढत वर आले. "तुमचं छापून आलं पा! वाचायला होणं!" होणं म्हणजे त्यांच्या मराठीत हवं.

मी अंक पाठीमागे धरला. "एकच प्रत आहे, काका. बायकोला पाठवायची आहे."

"सरी, सरी. तिचा हक्क पहिला." ते निमूट खाली गेले. संध्याकाळी मी दार उघडलं तर उंबऱ्यावर एक लेबल ठेवलं होतं, सुतळीसकट, पुस्तकाला बांधण्यासाठी: 'दिवाळी अंक, एक. मालक: वरचे. खालच्यांनीं न वाचलेला.'

मिरजेच्या बाईंचं पत्र याच आठवड्यात आलं. मोर रोडावला तिथे त्या रडल्या होत्या. मी ते पत्र सुटकेसच्या तळाशी ठेवलं.

आणि मग एग्मोरजवळच्या मराठी मंडळाच्या चिटणिसांचा फोन. रविवारी सकाळी आपल्या कथेचं वाचन ठेवलंय, पत्रिका गेल्यात. "तुमचे घरमालक आमचे जुने सभासद, त्यांना पहिल्या रांगेत बसवतो!" मी सर्दीचं निमित्त सांगितलं. ते म्हणाले, माईक आहे.

मांबलमहून लोकलनं आम्ही दोघं निघालो. काकांनी इस्त्रीची वेष्टी नेसली होती. माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं: ज्या माणसानं उभा जन्म वस्तू ज्याची त्याला पोचवली, त्याच्या बायकोची उरलेली एकुलती एक वस्तू मी पळवली होती आणि आता त्याच्यासमोर, माईकवर, माझी म्हणून सांगणार होतो. त्यानंतर रविवारची काफी कुठली आणि डबा कुठला. न वापरलेला कुकर उचलून मला दुसरं घर शोधावं लागणार होतं.

"काका," मी कोडंबाक्कमच्या आसपास म्हणालो, "त्या कथेत एक..."

"आतां सांगूं नका. ऐकतांना गंमत जाईल."

नुंगंबाक्कमला मी पुन्हा तोंड उघडलं. त्यांनी छत्री आडवी धरली. "सांगूं नका म्हटलं ना पा!"

सभागृहात दोन मराठी मंडळी बसली होती. डावीकडे माझ्यासारखी, बदलीवर आलेली. उजवीकडे तंजावरकडची घराणी, तीनशे वर्षांमागे बदलीवर येऊन परत न गेलेली. मधोमध, पहिल्या रांगेत, काका.

मी वाचायला लागलो. झाकण आलं तेव्हा काकांनी शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं, म्हणजे हे मी मंजूर केलेलं बरं का. मग शेवटचा भाग आला. 'वैशाखातली दुपार. फाटकाशी ती उभी होती.' काकांची मान हळूच वर झाली. 'हातात मोर होता.' त्यांनी छत्रीची मूठ घट्ट धरली. झालं, ओळखलं. माझा आवाज कापू लागला आणि डावीकडच्यांना वाटलं मी भावनेनं वाचतोय.

'पोस्टमन आला. तिनं मोर पुढे केला. त्यानं मोराच्या मानेवरून हात फिरवला.'

उजवीकडून कुणीतरी खोकलं. काकांच्या कपाळावर आठी पडली.

'पण मोर दिवसेंदिवस रोडावत चालला होता. ती नवऱ्यावर चिडे, तुमचं लक्ष कुठे असतं? बघा, पिसं कशी गळाली!' डावीकडे एका बाईंनी रुमाल काढला. उजवीकडे एका म्हाताऱ्या आजींनी पदर तोंडात धरला आणि त्यांचे खांदे गदगदू लागले. मला वाटलं, दोन्ही बाजू रडतायत. कथा जिंकली, मी मेलो.

'शेवटी दमलेला मोर तिनं छातीशी घट्ट धरला, आणि...'

काका उठले.

मी कागद खाली ठेवला. ती माझी बायको आहे, असं ते आता म्हणणार होते, आणि म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क होता. माफी मागण्यासाठी मी माईककडे वाकलोसुद्धा. त्यांचा चेहरा लाल झाला होता, ओठ थरथरत होते, डोळ्यांत पाणी होतं. खोटा क्लेम समोर आल्यासारखी त्यांनी छत्री माझ्यावर रोखली आणि हसू की रडू याचा निकाल न लावताच ओरडले:

"अय्यो, खूण चुकली पा! मोर म्हणजे ताक! ताक वाटायची हो ती, ताक!"